पगार देना नाय, गोल देता

आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबा धेंपोचे आणि मामा साळगांवकरचा. दोन्ही गोव्याचे फुटबॉल क्लब. आम्ही शिरोड्याचे, मामा रेडीचा, म्हणजे सगळेच महाराष्ट्रातले. पण शिरोड्याहून रेडी आणि रेडीवरून डोंगर चढून पुढे गेलं की तेरेखोलचा किल्ला लागतो. हा किल्ला खाडीच्या अलीकडे, आमच्याच बाजूला, तरी कागदोपत्री गोव्याचा. त्याच्या पायथ्याशी फेरीबोट लागते आणि पाचेक मिनिटांत पलीकडे केरीला सोडते. आता गोवा सुरू झाला असं फेरीवर कोणी सांगत नाही. स्कूटर उतरवायची आणि चालू लागायचं.

१९६७च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला आणि गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. पुढच्याच वर्षी, १९६८ला, धेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण बाबांना त्या एका दमात सांगायला आवडायच्या. "गोवा आमच्यात येवक नाय, मगे आम्हीच मॅच बघूक थंय जातंव," म्हणायचे.

खरं तर बाबा पहिल्यांदा धेंपोला भेटले ते मुंबईत. लालबागच्या एका मिलमध्ये ते खात्यात होते आणि गावकीच्या गाळ्यात राहत. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि झोपायला पाळीप्रमाणे जागा. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी त्यांना कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर घेऊन गेला. तिथे रोव्हर्स कप चालायचा. १८९१ सालापासूनची ती स्पर्धा, गोऱ्या पलटणींनी सुरू केलेली. सत्तरच्या दशकात धेंपोने तो कप मुंबईत येऊन जिंकला, हे बाबांच्या आयुष्यातल्या मोजक्या विजयांपैकी एक. मात्र त्यांना खेळापेक्षा लक्षात राहिला तो मागच्या बाकावरून आलेला आवाज. कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडला, "मार रे, मार!" आणि पुढे कोंकणीत अशी एक शिवी हासडली की बाबा वळून बघायलाच लागले. मुंबईच्या त्या कोलाहलात घरची बोली. ओरडणारा होता धोबीतलावच्या एका कुडीत राहणारा, बोटीवर कामाला जाणारा गोंयकार. आमचे जसे गावाचे गाळे, तशा गोवेकरांच्या गावागावाच्या कुडी होत्या. तिथेही तीच ट्रंक आणि तीच पाळी, फक्त कोपऱ्यात गणपतीच्या तसबिरीऐवजी क्रूस. त्या दुपारी बाबांनी आपला संघ ठरवला आणि पुढे कधीच बदलला नाही.

१९८२च्या जानेवारीत गिरणी संप झाला. बाबा आधी 'दोन महिन्यांसाठी' म्हणून गावी आले, ते आलेच. शिरोड्याच्या बाजारात त्यांनी किराण्याचं लहानसं दुकान टाकलं. पुडी बांधायला रद्दी लागायची आणि रद्दीत गोव्याचे मराठी पेपर असायचे. बाबा क्रीडा पान बाजूला काढून ठेवत आणि उरलेल्या पानांत साखर बांधत. आई चिडायची. "तो धेंपो तुमका पगार देता काय?" बाबांचं उत्तर ठरलेलं. "पगार देना नाय, गोल देता."

ते क्रीडा पान मी वाचायला लागलो तेव्हा पहिला प्रश्न पडला तो नावाचा. क्लब 'धेंपो', पण पणजीत मिरामारला कॉलेज 'धेंपे'. घराणं एकच. कोंकणीत एक माणूस धेंपो आणि अनेक धेंपे. मराठीत आपण मान द्यायचा म्हणून एकालाही अनेक करून टाकतो. म्हणजे एकाच मालकाचं आडनाव कॉलेजच्या पाटीवर आदरार्थी झालं आणि मैदानावर एकेरीतच राहिलं. मला हे फार योग्य वाटतं. मैदानात कोणाला अहो-जाहो करायला वेळ असतो?

साळगांवकरांचं वेगळं. ते आडनाव आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतं. मामाला पगार देणारा मुकादम साळगांवकर, त्याच्या वर्गातला एक साळगांवकर आणि शिरोड्याला केस कापायला जायचा तिथे बाकावर रोज बसलेला एक म्हातारा, तोही साळगांवकर. क्लबचे मालक असलेल्या वास्कोच्या खाणमालकांशी यांपैकी कोणाचंच नातं नव्हतं, पण मामाच्या दृष्टीने संघ घरचाच झाला.

मामा रेडीच्या लोखंडाच्या खाणीवर टिपर चालवायचा. रेडी म्हटलं की आता लोकांना गणपती आठवतो. तोही १९७६ साली खाणीतच खणताना सापडला, दोन हातांचा आणि चांगला उंचापुरा. मामाच्या अंगाला मात्र कायम त्या खाणीची तांबडी धूळ. कानाच्या पाळीमागे, नखांत, बनियनच्या शिवणीत. मामी त्याचे कपडे वेगळे धुवायची आणि तरी आमच्या घरच्या चादरीवर तो बसून गेला की मागे पुसट तांबडा ठसा उरायचा. आजी म्हणायची, हो गेलो तरी हेची खूण ऱ्हवता.

आमच्या गावात फुटबॉल मामामुळे आला. इतर सगळा गाव क्रिकेटचा होता, अजूनही आहे. भात कापून झालं की मळ्यातले कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, रिकामे होत, मधल्या मेरा, म्हणजे बांध, आडव्या येत, जमिनीत भाताची धसकटं उभी असत. मामाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक चामड्याचा बॉल आणला होता, आत रबरी ब्लॅडर आणि वर बुटासारखी नाडी. नाडीच्या बाजूने डोक्याला लागला तर कपाळावर दिवसभर वळ राही. चामडं कडक होऊ नये म्हणून मामा त्याला खोबरेल चोपडायचा आणि मग त्या तेलाला तांबडी माती धरायची. महिन्याभरात बॉलचा मूळ रंग कोणता होता ते कोणालाच सांगता येईना. धसकटांनी पायाच्या पोटऱ्या सोलून निघत. शिवण उसवली की शिरोड्याच्या चांभाराकडे जायचं. तो दर वेळी विचारायचा, "ह्या नेमका काय असा?"

मामाचा देव म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचा गोलरक्षक, साळगांवकरचा आणि पुढे भारताचा कप्तान. "जाळ्यात बॉल जाऊक देना नाय तो," मामा सांगायचा आणि त्यात अतिशयोक्ती वाटली तरी एका वर्षापुरती ती नव्हती. १९८३-८४च्या संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, गोव्याने पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही आणि ट्रॉफी घरी आणली. कप्तान ब्रह्मानंदच. १९८८ला साळगांवकरने फेडरेशन कप, म्हणजे देशातल्या क्लबांचा कप, जिंकला. तोवर गोव्याच्या कोणत्याच क्लबला तो मिळाला नव्हता. राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर १९९८-९९चं विजेतेपदही साळगांवकरचंच. मामा दुकानात येऊन फक्त बोट वर करायचा, एक. बाबा तराजूकडे बघत राहायचे.

आज मागे वळून बघताना मला एक गोष्ट जाणवते, जी तेव्हा कोणी बोलत नव्हतं. तो सगळा फुटबॉल लोखंडावर चालला होता. धेंपो, साळगांवकर, सेझा ही तिन्ही नावं खाणींची. डोंगर फोडायचा, माल ट्रकने नदीवर न्यायचा, बार्जमध्ये भरायचा, मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजाने जपानला. पुढे चीनला. त्यातल्या नफ्यातला एक भाग गोलपोस्टच्या जाळ्यात यायचा. खेळाडूंना कंपनीत नोकरी मिळायची आणि पावसाळ्यात पगार चुकत नसे. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती पोरांना, ताळगावच्या एखाद्या हिंदू पोराला, फुटबॉल खेळून घर चालवता येतं हे त्यामुळे कळलं. दुसऱ्या बाजूला डिचोली-सांग्याकडे खाणीचा गाळ पावसात शेतात उतरायचा, विहिरी लाल व्हायच्या. मामाच्या फुफ्फुसांतही तीच धूळ गेली असणार. ज्या धुळीने शेतं बुजली तिच्याच पैशातून माझ्या बालपणाचा आनंद आला, याचं मला काय करायचं ते अजून कळलेलं नाही. मी दोन्ही गोष्टी खऱ्या मानून चालतो. हिशेब जुळवायला गेलो तर दरवेळी कुठेतरी शिल्लक राहते.

२००४ साली मी म्हापशाजवळच्या एका औषध कारखान्यात लागलो होतो. सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी, आमच्या भागातल्या अर्ध्या पोरांचं आयुष्य असंच जातं. त्या डिसेंबरात धेंपो फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात पोचलं, बंगळुरूला, समोर मोहन बागान. ५ डिसेंबर, रविवार. सोमवारी सकाळी पहिल्या फेरीवर एकाच्या हातात पेपर होता. धेंपो २-०ने जिंकलं. दोन्ही गोल क्रिस्टियानो ज्युनियर या ब्राझीलच्या पोराचे. दुसरा गोल मारताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि उठलाच नाही. पान एकच होतं. मथळा विजयाचा आणि त्याच्याच खाली फोटो गेलेल्या माणसाचा. फेरीवर नेहमी कोणी ना कोणी बडबडत असतं, त्या दिवशी फक्त इंजिन ऐकू येत होतं. एका मासेवालीने विचारलं, "कोण रे तो?" आणि कोणालाच नीट सांगता येईना. आमचो म्हणावं तर तो ब्राझीलचा, आणि परको म्हणायला जीभ उचलेना.

क्लबने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मोसमात, २००४-०५मध्ये, धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. बाबांनी मामासमोर बोट वर केलं नाही. त्या वर्षी ते बरोबर दिसलं नसतं.

पुढचं मात्र त्यांनी मनसोक्त उपभोगलं. २००६-०७ची राष्ट्रीय लीग पुन्हा धेंपोची. मग स्पर्धेचं नाव बदलून आय-लीग झालं, तरी विजेता तोच. २००७-०८ ते २०१२-१३ अशी सहा वर्षं देशाचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलंच नाही. तीनदा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगांवकर. कोलकाता, जिथे फुटबॉल म्हणजे धर्म, तिथले क्लब हात चोळत राहिले. आणि गोवा केवढा? ३,७०२ चौरस किलोमीटर. आमचा एकटा सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्याहून मोठा आहे. आमच्याकडून देशाच्या पातळीवर काय गेलं, असं कोणी विचारलं की आम्ही हापूस पुढे करतो.

त्या वर्षांत मी मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बऱ्याच मॅच बघितल्या. कारखान्यातून अर्धी रजा, मग म्हापसा, पणजी, मडगाव अशा तीन बस. आर्मांदो कुलासो धेंपोचे प्रशिक्षक होते. बाजूला उभे राहून ते इतके शांत दिसायचे की त्यांचा संघ हरतोय की जिंकतोय ते त्यांच्याकडे बघून कळत नसे. पुढे रँटी मार्टिन्स, नायजेरियाचा, त्याला चेंडू मिळाला की माझ्या शेजारचा माणूस आधीच उभा राहायचा. २०११-१२च्या मोसमात त्याने एकट्याने बत्तीस गोल केले. मागे महेश गवळी आणि समीर नाईक, बाजूला क्लिफर्ड मिरांडा, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स. ही नावं लागोपाठ म्हटली की मला गोव्याचा अख्खा नकाशा ऐकू येतो. क्लायमॅक्सचं नाव बाबांना खोटं वाटायचं. २००८च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये, म्हणजे आशियाई देशांच्या स्पर्धेत, त्याने भारतासाठी अफगाणिस्तानविरुद्ध नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर विजयी गोल केला, तेव्हा बाबा म्हणाले, आईबापांना आधीच ठाऊक होतं म्हणायचं. त्याच वर्षी धेंपो आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि लेबनॉनच्या एका क्लबकडून हरलं. बाबांनी नकाशात लेबनॉन शोधलं, बारीक बघितलं आणि म्हणाले, "हो तर आमच्यासारखोच इतकोसो."

२०११च्या उन्हाळ्यात साळगांवकर विजेता झाला. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मामा पेढे घेऊन आला आणि त्यांच्या पुढ्यात पुडा ठेवला. बाबांनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा परत ठेवला. "फुडच्या वर्सा बघू," म्हणाले. दिवाळीच्या आत ते गेले. पुढच्या वर्षी धेंपोने पाचव्यांदा देश जिंकला. त्या रात्री मामा टिपर घेऊनच आमच्या दारात आला, हातात पुडा. मी म्हटलं, मामा, तुमचा क्लब तर हरला. "तेचे असत," इतकंच बोलला आणि पुडा फोटोसमोर ठेवून निघून गेला. ओटीवर पावलांचे तांबडे ठसे राहिले होते. आईने ते दोन दिवस पुसले नाहीत.

त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी थांबल्या. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने काम बंद केलं. डिचोलीच्या रस्त्याला टिपरांच्या रांगा उभ्या राहिल्या, टायरांमधून गवत आलं. आमच्याकडची तिकडे कामाला गेलेली पोरं घरी परतली. आता इथे एक सोपी गोष्ट सांगता येते, की खाण गेली म्हणून फुटबॉल गेला. मीही फेरीवर ती बऱ्याचदा सांगितली आहे. पण ती तितकीशी खरी नाही. धेंपे घराण्याने आपला खाणधंदा २००९ सालीच सेझा गोवाला विकला होता, १,७५० कोटींना. त्यानंतरही क्लब दोनदा देशाचा विजेता झाला. म्हणजे मालाचा पैसा थांबल्यावरही कोणीतरी आतबट्ट्याचा हा व्यवहार चालू ठेवत होतं. का, ते ताळेबंदात सापडत नाही. आडनाव मैदानावर हजारो लोक ओरडतात याची एक चटक लागत असावी. मला लागली असती.

उतार आला तो दुसऱ्याच बाजूने. २०१३मध्ये कुलासो क्लब सोडून कोलकात्याला गेले. २०१४ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली, एफसी गोवा हा नवा क्लब आला, फातोर्ड्यात झगमगाट. २०१४-१५मध्ये पाच वेळचा विजेता धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून वर आला, आणि २०१६मध्ये साळगांवकर व स्पोर्टिंग क्लब द गोवासह आय-लीगमधूनच बाहेर पडला. देशाचा फुटबॉल महासंघ आयएसएलला पहिली आणि आय-लीगला दुय्यम लीग करायला निघाला होता. पन्नास वर्षं खेळून मिळवलेली जागा कोणी पैसे भरून घेणार असेल तर आम्ही कशाला खेळायचं, असा तो प्रकार. माझी सहानुभूती क्लबांकडे होती आणि आहे. पण रुसून मैदान सोडलं की मैदान तसंच राहतं, फक्त तुम्ही तिथे नसता.

मुंबईत महिंद्र युनायटेडचा संघ २०१०मध्ये बंद झाला होता. तोही २००५-०६चा राष्ट्रीय विजेता. त्याआधी मफतलाल, ओर्के अशी गिरण्यांची नावं मुंबईच्या फुटबॉलमध्ये होती, ती गिरण्यांबरोबरच गेली. आमच्या गावात त्यांपैकी कोणासाठीही कोणाचा घास अडला नाही, आणि गिरणगावात राबलेली माणसं तर घरोघरी होती. पण धेंपो-साळगांवकर लीगमध्ये नाहीत हे कळल्यावर आमच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर आठवडाभर वाद चालला. जे लोक कधी फातोर्ड्याला गेले नव्हते तेही तावातावाने बोलत होते.

माझा मुलगा एफसी गोवाचा. २०१९-२०मध्ये त्यांनी लीग शील्ड मिळवली, तेव्हा तो शाळेत त्यांचा नारंगी शर्ट घालून गेला आणि गणवेश नाही म्हणून घरी पाठवला गेला. त्या शील्डच्या जोरावर ते पुढे आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळले. चांगला क्लब आहे, मला काही राग नाही. फक्त त्याचं आडनाव कोणाचंच नाही, त्यामुळे भांडायला मला तोंड सापडत नाही.

२०२४मध्ये धेंपो तिसऱ्या पातळीवरून पुन्हा वर आला, आय-लीगमध्ये. प्रशिक्षक समीर नाईक, एकेकाळी मागे उभा राहणारा तोच. ज्या दिवशी बातमी पक्की झाली त्या रविवारी मी रेडीला मामाकडे गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात. खाणीत खणलेल्या खड्ड्यात पाणी साठून तळं झालंय आणि त्याच्या अलीकडे माल साठवायची सपाट जागा होती तिथे पोरं खेळत होती, क्रिकेट. मामा ओट्यावर खुर्चीत. धाप लागते, पण कान शाबूत आहेत. मी मोबाइल पुढे धरला, नाचणाऱ्या खेळाडूंचा व्हिडिओ दाखवला.

"वयर इलो?"

"इलो."

त्याने व्हिडिओ दुसऱ्यांदा लावायला सांगितला. बघून झाल्यावर मोबाइल परत दिला आणि विचारलं, "आणि आमच्या साळगांवकराचा काय?"

मी सांगितलं, ते अजून गोव्याच्याच लीगमध्ये खेळतात, देशाच्या लीगमध्ये नाहीत.

मामा बराच वेळ पोरांच्या खेळाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मगे धेंपोन हरवूचा कोणाक, झिला?"